कारागिराच्या दृष्टीने कलेचा इतिहास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जगाच्या कलेचा इतिहास या विषयावर बोलण्यास माझ्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि आयुष्य गेले ते मुलांना त्रैराशिक व व्याजाची उदाहरणे शिकवण्यात. निवृत्तीनंतर वाचनालयातील कलाविषयक सचित्र ग्रंथ चाळू लागलो, आणि चाळता चाळता एक गोष्ट ध्यानात आली. ती आपल्या समाजापुढे ठेवावी, एवढ्याच हेतूने मी चिटणीसांचे निमंत्रण स्वीकारले. ती गोष्ट अशी की, युरोपात कलेचे जे पुनरुज्जीवन झाले त्याच्या मुळाशी जाऊ लागले, म्हणजे वाट पुनःपुन्हा सोनाराच्या दुकानात येऊन पोहोचते. आपल्या बापजाद्यांचा धंदा ज्या ऐरणीभोवती चालला, तशाच ऐरणीभोवती जगातील काही श्रेष्ठ चित्रकार, मूर्तिकार आणि स्थपती लहानाचे मोठे झाले.

कलेच्या इतिहासाचे पुस्तक उघडले की नवखा मनुष्य प्रथम नावांनीच गांगरतो. गॉथिक, प्रबोधन, बरोक, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद! ही नावे पाढ्यांसारखी पाठ करून काही साधत नाही. त्यांतील कित्येक नावे त्या त्या कलावंतांनी घेतलेलीही नव्हेत. ती निंदकांनी ठेवलेली आहेत. गॉथ म्हणजे रोमचे साम्राज्य लुटणारे रानटी लोक. उत्तर युरोपातील गगनचुंबी प्रार्थनामंदिरांना हिणवण्यासाठी इटलीतील लेखकांनी त्यांचे नाव चिकटवले आणि पुढे तेच मानाचे झाले. तेव्हा नावे क्षणभर बाजूस ठेवून प्रत्येक चळवळीस तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हे काम कोणी करवून घेतले, म्हणजे पैसा कोणाचा? काम करणाऱ्याच्या हाती साधन कोणते होते? आणि मागील पिढीने कोणता प्रश्न सोडवल्यावाचून ठेवला होता? गिऱ्हाईक, हत्यार आणि अडलेला प्रश्न. पेढीवर बसणाऱ्यास हे तिन्ही नवीन नाहीत.

आणखी एक सूचना आरंभीच केलेली बरी. यंत्राच्या बाबतीत नवे हे बहुधा जुन्याहून सरस असते. कलेच्या बाबतीत तसे नाही. फ्रान्समधील लास्को येथील गुहेत सुमारे १७,००० वर्षांपूर्वीच्या माणसाने बैल आणि घोडे रंगवले आहेत. ही गुहा १९४० साली उजेडात आली. त्या बैलांच्या पाठीची रेषा इतकी निःशंक आहे की आजच्या कोणत्याही चित्रकाराने ती पाहून मान लववावी. आपल्या अजिंठ्याच्या भिंतींविषयी आणि वेरूळच्या कैलास लेण्याविषयी मी वेगळे काय सांगावे? आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात एक अख्खा डोंगर शिखराकडून पायथ्याकडे कोरीत आणला गेला. तेथे चुकलेला घाव भरून काढण्याची सोयच नव्हती. अशा कामांना आपण शैली म्हणतो, चळवळ म्हणत नाही. कारण काही कलावंतांनी एकत्र येऊन, आपले मत जाहीर करून, जुन्याविरुद्ध उभे राहावे, हा प्रकार मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. त्यापूर्वी राजा, धर्म आणि कारागिरांची श्रेणी यांच्या आधाराने शैली घडत आणि पालटत.

आता फ्लॉरेन्सकडे वळू. इटलीतील हे शहर लोकरीच्या, रेशमाच्या आणि पेढ्यांच्या व्यापारावर संपन्न झालेले होते. तेथे निरनिराळ्या धंद्यांच्या श्रेणी असत, आणि सोनारांचा अंतर्भाव रेशीमवाल्यांच्या श्रेणीत होत असे. १४०१ साली तेथील बाप्तिस्मामंदिराच्या काशाच्या दारांसाठी स्पर्धा लावण्यात आली. अब्राहाम आपल्या पुत्राचा बळी देण्यास सिद्ध झाला आहे, हा प्रसंग प्रत्येकाने एका फलकावर उठावात दाखवावयाचा होता. सात जणांनी भाग घेतला. अखेरच्या कसोटीस उतरले ते दोघे तरुण, लोरेन्झो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की. आणि दोघेही सोनारकाम शिकलेले! त्या दोघांचे फलक आजही फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. ब्रुनेलेस्कीने आकृती निरनिराळ्या ओतून पत्र्यावर जडवल्या होत्या. गिबेर्तीने बहुतेक सर्व फलक एकसंध आणि आतून पोकळ ओतला. त्यामुळे त्याला धातू कमी लागला आणि वजन सुमारे ७ किलोने हलके झाले. सौंदर्याचा निवाडा परीक्षकांनी कसा केला असेल तो असो. पण एवढ्या मोठ्या दारांना काशाचा खर्च किती येईल, हा विचार व्यापारी पंचांच्या मनात आला नसेल असे मानणे कठीण आहे. गिबेर्ती जिंकला.

आपल्या घरच्या देव्हाऱ्यातील चांदीचे टाक ज्यांनी ठोकले आहेत, किंवा ठोकताना पाहिले आहेत, त्यांना गिबेर्तीचे काम समजावून सांगण्याची गरज नाही. पातळ पत्र्यातून खंडोबाचा घोडा पुढे यावा आणि मागची प्रभावळ मागे राहावी, ही जी उठावाची युक्ती, तीच त्याने फार मोठ्या प्रमाणावर साधली. पहिली दारे १४२४ साली पुरी झाली. दुसरी त्याने १४२५ साली हाती घेतली आणि ती पुरी होण्यास १४५२ साल उजाडले. म्हणजे दोन दारांत एका माणसाची उमेदीची सारी वर्षे सरली. दुसऱ्या दारांवर दहाच फलक आहेत. त्यांवर सोन्याचा मुलामा आहे, आणि जवळची आकृती भरीव तर दूरची जेमतेम पत्र्यावरून उठलेली, अशा रीतीने मैलभराचे अंतर बोटभर जाडीत दाखवले आहे. या दारांच्या चौकटीत गिबेर्तीने स्वतःचा चेहराही घडवून ठेवला आहे. कारागीर आपले तोंड जगाला दाखवू लागला, ही त्या काळातील मोठी खूण होय. आपल्याकडे असे कोणी केले नाही असे मात्र समजू नये. कर्नाटकातील होयसळ मंदिरांवर कित्येक शिल्पींनी आपली नावे कोरून ठेवली आहेत.

स्पर्धेत हरलेल्या ब्रुनेलेस्कीचे काय झाले? हरलेल्या माणसाची पुढची वाट पाहणे हे शिक्षकाचे आवडते काम असते. तो स्थापत्याकडे वळला. १४२० ते १४३६ या काळात त्याने फ्लॉरेन्सच्या मुख्य प्रार्थनामंदिरावर सुमारे ४५ मीटर अंतर झाकणारा विटांचा घुमट, खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता, उभा केला. आणि त्याहूनही दूरगामी गोष्ट म्हणजे, सपाट फळीवर खोली कशी दाखवावी याचा नियम त्याने प्रयोगाने सिद्ध केला. त्याला आपण यथादर्शन म्हणतो. त्याने बाप्तिस्मामंदिराचे चित्र एका फळीवर काढले, त्या फळीस छिद्र पाडले, आणि पाहणाऱ्याने मागून छिद्रास डोळा लावून समोरच्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावे अशी योजना केली. चित्रात आकाश रंगवण्याऐवजी त्याने तेथे झिलई दिलेली चांदी बसवली, म्हणजे खऱ्या आभाळातील ढग त्या चांदीत सरकताना दिसावेत! हे सोनारालाच सुचावे. पुढील सुमारे साडेचारशे वर्षे युरोपातील चित्रकला या एका नियमाच्या आधारावर चालली.

गिर्लांदायो या चित्रकाराचे नावच त्याच्या सोनार बापाने घडवलेल्या केसांतील माळांवरून पडलेले होते, आणि याच गिर्लांदायोकडे १४८८ साली मायकेलअँजेलो उमेदवारीस राहिला. लिओनार्दो ज्याच्या हाताखाली शिकला तो वेर्रोक्क्योही सोनारकाम शिकलेला. म्हणजे प्रबोधनकाळाला आपले तीन प्रश्न विचारले तर उत्तरे मिळतात ती अशी: पैसा व्यापारी श्रेणींचा, धनिकांचा आणि धर्मसंस्थेचा, हत्यार सोनाराचे व गणिताचे, आणि अडलेला प्रश्न हा की, डोळ्यांना दिसते तसे जग फळीवर आणि धातूत कसे आणावे.

जर्मनीतील आल्ब्रेख्त ड्यूररची हकीकत मला फार जवळची वाटते. न्यूरेंबर्ग येथे १४७१ साली जन्मलेला हा मुलगा सोनाराच्या अठरा अपत्यांपैकी एक. तेरा वर्षांचा असताना, १४८४ साली, आरशात पाहून त्याने स्वतःचे चित्र चांदीच्या शलाकेने कागदावर काढले. ते व्हिएन्नात जपून ठेवलेले आहे. बापाने त्याला धंद्यात घातले, आणि त्याचा हात चांगला चालू लागला तोच मुलगा म्हणाला, मला चित्रकार व्हावयाचे आहे. शिकवण्यात गेलेला वेळ फुकट गेला म्हणून बापास वाईट वाटले. परंतु त्याने मुलाची इच्छा मोडली नाही, आणि १४८६ साली त्यास एका चित्रकाराकडे उमेदवारीस ठेवले. ही माहिती ड्यूररनेच आपल्या घराण्याच्या टिपणात लिहून ठेवली आहे. त्या बापाचा तो एक होकार नसता तर तांब्याच्या पत्र्यावरील त्याच्या त्या अतुलनीय कोरीव चित्रांना जग मुकले असते. आणि कोरणी धरण्याचा हात तर त्याला बापाच्याच दुकानात लाभला होता.

याच ड्यूररने १५२० साली ब्रुसेल्स येथे मेक्सिकोहून सम्राट पाचव्या चार्ल्सकडे आलेली भेट पाहिली. त्यात पुरुषभर रुंदीचा सोन्याचा सूर्य आणि तेवढाच चांदीचा चंद्र होता. दूरदेशीच्या त्या अनोळखी कारागिरांची बुद्धी पाहून आपले अंतःकरण आजवर कधी झाले नव्हते इतके हर्षित झाले, अशा आशयाची नोंद त्याने केली आहे. परधर्माच्या, परखंडातील माणसांच्या हातास एका सोनारपुत्राने दिलेली ती दाद होती. मेक्सिकोहून त्या काळी आलेले असे बहुतेक सोने पुढे मुशीत गेले आणि त्याची नाणी पाडली गेली. बंधूंनो, मोड म्हणून आलेला जुना डाग वितळवताना आपणांपैकी कोणाचा हात क्षणभर अडखळला नाही? सोने उरते, घडण जाते. कलेचा इतिहास हा त्या घडणीचा हिशेब आहे.

पुढची दोन शतके मी वेगाने ओलांडतो. धर्मसुधारणेच्या वादळानंतर रोमच्या धर्मसंस्थेस भाविकांची मने पुन्हा जिंकावयाची होती. तीतून बरोक शैलीतील नाट्य, झगमगाट आणि कॅरावाज्जोच्या चित्रांतील छायाप्रकाशाचा झगडा निर्माण झाला. उलट हॉलंडमधील सुधारित प्रार्थनामंदिरांतून चित्रे हद्दपार झाली, तेव्हा तेथील चित्रकारांचे गिऱ्हाईक झाले व्यापारी; म्हणून तेथे घरांची, बाजारांची आणि साध्या माणसांच्या मुखांची चित्रे निघाली. त्याच हॉलंडमधील रेम्ब्रांटने आपल्या मोगल दरबारातील लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. गिऱ्हाईक बदलले की विषय कसा बदलतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

या काळात एक गोष्ट अशी घडली की जिचे परिणाम आपण अजून भोगीत आहोत. १५६३ साली फ्लॉरेन्समध्ये कलावंतांची अकादमी निघाली, आणि १६४८ साली पॅरिसमध्ये राजाश्रयाने दुसरी निघाली. चित्रकार व मूर्तिकार श्रेणीच्या बंधनातून सुटले, त्यांना विद्वानांची प्रतिष्ठा मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर कलावंत आणि कारागीर अशा दोन जाती निर्माण झाल्या. ज्याचे डोके चालते तो वरचा आणि ज्याचा हात चालतो तो खालचा! ज्या दुकानातून हे सारे निघाले, ते दुकान हलके ठरले. जातिभेद केवळ आपल्याच देशात जन्मतो असे नाही.

अकादमीने नियम केले, आणि नियम झाले की त्यांना मोडणारेही जन्मास येतात. एकोणिसाव्या शतकातील चळवळींचा इतिहास हा बव्हंशी या नियमांशी झालेल्या तंट्याचा इतिहास आहे. दाव्हीदने १७८४ साली रोमन वीरांच्या शपथेचे चित्र रंगवून त्यागाचा आणि शिस्तीचा आदर्श उभा केला. जेरिकोने १८१९ साली, सरकारी नियुक्तीच्या नालायक कप्तानामुळे अपघात झालेल्या जहाजातील माणसे तराफ्यावर कशी तडफडली ते भल्यामोठ्या पटावर दाखवले, हा स्वच्छंदतावाद. कूर्बेने १८४९ साली रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे दोन मजूर रंगवले, हा वास्तववाद. राजे आणि देवदूत यांच्या जागी फाटक्या बंडीतला मजूर आला, म्हणून सभ्य लोकांची मने दुखावली. ते चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले.

इतक्यात हत्यार बदलले. १८३९ साली दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. हुबेहूब चेहरा उतरवणे हे ज्यांचे पोट होते, त्यांच्या पोटावर यंत्राने पाय दिला. १८४१ साली रंगाच्या धातूच्या नळ्या निघाल्या, आणि चित्रकाराला रंग खलण्याची खोली सोडून नदीकाठी बसता येऊ लागले. जपानमधून लाकडी ठशांची चित्रे येऊ लागली. त्यांत यथादर्शनाचा युरोपीय नियम जसाच्या तसा पाळलेला नव्हता, तरी ती मोहक होती. या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या की दृक्प्रत्ययवादाचे गूढ उरत नाही. वस्तू कशी आहे हे कॅमेरा सांगू लागला. मग चित्रकाराने विचारले, या क्षणी, या उजेडात, माझ्या डोळ्यांस ती कशी भासते? मोने, रेन्वार, पिसारो, देगा इत्यादींनी १८७४ साली एका छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन मांडले. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने त्या सर्वांची टर उडवली, आणि थट्टेतले ते नाव चळवळीचे नाव झाले. त्यांतील रेन्वार हा तेराव्या वर्षापासून चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवून पोट भरणारा कारागीर होता, हेही विसरू नये.

त्यानंतरची पावले भराभर पडली. सेझानने विचारले, क्षण निसटला तरी वस्तूच्या घडणीत टिकाऊ काय आहे? व्हॅन गॉगने विचारले, माझ्या अंतःकरणातील ताप रंगातून सांगता येईल काय? पिकासोने १९०७ साली, आफ्रिकेतील मुखवटे पाहिल्यानंतर, पाच स्त्रियांचे असे चित्र रंगवले की त्यात ब्रुनेलेस्कीचा तो जुना नियम ठिकऱ्या ठिकऱ्या झाला. त्यातूनच पुढे ब्राकच्या सोबतीने घनवाद निघाला. कांदिन्स्कीने वस्तूचीच रजा घेतली आणि केवळ रंग व आकार ठेवले. १९१६ साली महायुद्धाच्या कत्तलीच्या छायेत झुरिच येथे दादावादी जमले. ज्या शहाणपणाने लक्षावधी माणसे मारली त्या शहाणपणाचीच त्यांनी चेष्टा केली. १९२४ साली अतिवास्तववाद्यांचा जाहीरनामा निघाला, आणि स्वप्न हे चित्राचे क्षेत्र ठरले. ही चित्रे मला सर्वच आवडतात असे मी म्हणणार नाही. काहींपुढे मी आजही निरुत्तर उभा राहतो. पण "हे तर माझा नातूही काढील" असे म्हणून हसण्यापूर्वी, त्या माणसाने कोणता प्रश्न सोडवावयास घेतला होता, एवढे विचारण्याची सवय मी लावून घेतली आहे. १९३७ साली जर्मनीच्या नाझी सरकारने अशा चित्रांचे "अधःपतित कला" म्हणून म्यूनिकमध्ये हेटाळणीचे प्रदर्शन भरवले. चित्राला हसणे आणि चित्रकाराला देशाबाहेर घालवणे यांत फार अंतर नसते, हा त्यातला धडा होय.

परंतु माझ्या विषयाचा शेवट या भांडणात नाही. तुटलेले कलावंत आणि कारागीर पुन्हा एकत्र यावेत, असाही एक प्रवाह या काळात वाहत होता. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने यंत्राच्या नीरस मालाविरुद्ध हातकामाचा पक्ष घेतला. १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही शाळा निघाली. कलावंत आणि कारागीर यांत मूलतः भेद नाही, हे तिचे आरंभीचे सूत्र होते. तेथे कर्मशाळांतून दोन दोन गुरू असत, एक रूपाचा आणि एक हस्तकौशल्याचा. धातुकामाची कर्मशाळाही होती, आणि तीत घडलेल्या चहादाण्या व दिवे आज संग्रहालयांत आहेत. १९२२ साली या शाळेतील कलावंतांची चित्रे कलकत्त्यास प्रदर्शित झाली. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली शाळा बंद पडली. तथापि तिचा विचार बंद पडला नाही. पाचशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या दुकानात हात आणि डोके एकाच माणसाचे होते, तेथेच जग फिरून येऊ पाहत होते.

आपल्या प्रांतातही या प्रवाहाच्या लाटा आल्या. मुंबईस सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली निघाली, आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी पुरोगामी कलावंतांचा गट स्थापून नव्याची घोषणा केली. अलिबागजवळील सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकर यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. गणपती घडवणाऱ्या घरातला हा मुलगा. देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवरायांचे चित्र ऑटो रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टराच्या दृष्टीस पडले आणि त्याने मुलास मुंबईच्या कलाशाळेत धाडले, असे सांगतात. पुण्यातील शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्याच हातांनी १९२८ साली घडवला.

भिंतीवर चित्र काढणाऱ्या मुलाला त्या परक्या अधिकाऱ्याने शाळा दिली. मी काय केले, ते आता सांगतो. माझ्या वर्गात आपल्याच ज्ञातीतला एक मुलगा होता. गणिताच्या वहीच्या समासात तो मोर, वेलबुट्ट्या, माणसांचे हात काढीत असे. मी ती पाने फाडली, आणि त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले की, याने पोट भरत नाही. वडिलांनी माझे ऐकले, कारण मी गुरुजी होतो. मागे एका लग्नात तो भेटला. कोठेसा हिशेब लिहितो. मी विचारले, "अजून चित्रे काढतोस काय रे?" तो हसून म्हणाला, "सवय मोडली, गुरुजी." त्याच्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. ड्यूररच्या बापाला जे साधले ते मला साधले नाही. मीही एक घडण मुशीत टाकली.

आज आपल्या धंद्यात आराखडा संगणकावर होतो, मेणाचा साचा यंत्र काढते, आणि एकाच नमुन्याचे शेकडो डाग एका दिवसात ओतले जातात. त्याविरुद्ध रडून उपयोग नाही; छायाचित्र आले तेव्हा रडणारे चित्रकार मागे पडले, आणि "आता आमच्या हाताने काय करावे?" असे विचारणारे पुढे गेले. तो प्रश्न विचारणारी मुले आपल्या समाजात हवीत, आणि ती तयार होण्यासाठी त्यांना चित्र काढू दिले पाहिजे. आपले मंडळ वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते, त्या देत राहाव्यात. त्यांबरोबर चित्र, शिल्प किंवा धातुकाम शिकू इच्छिणाऱ्या एका मुलास वा मुलीस दरसाल एक शिष्यवृत्ती द्यावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. आरंभासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति रक्कम मी आजच चिटणीसांकडे देत आहे. ती फार मोठी नाही. तिच्यासोबत कोणाचेही नाव लावू नये. लावावयाचेच झाले तर त्या समासात मोर काढणाऱ्या मुलाचे लावावे, आणि ते मी त्याला विचारल्याशिवाय सांगणार नाही.